पारखीचा थेंब

नांदेडच्या प्रयोगशाळेत मंजुषानं काचेची नळी टेबलावर आपटली. वर बसलेल्या माश्या तळाशी पडल्या, धडधाकट होत्या त्या लगेच वर चढायला लागल्या, आणि कोणती माशी खुणेपर्यंत पोचते ते ती मोजणार तेवढ्यात फोन वाजला. संगमेशचा. धाकटा भाऊ सकाळी कधी फोन करत नसे. लातूरला त्याचा तेलाचा घाणा सुरू असायचा आणि त्या घरघरीत त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू यायचं नाही. आज मागं घरघर नव्हती. "अक्का," तो म्हणाला, "अप्पाच्या हातातून लिंग पडलं." तिनं नळी तशीच धरून ठेवली. "पडलं म्हणजे?" "पडलं म्हंजी पडलं. पूजेला बसले होते, हात लई हलून राहिला होता, अन् गेलं घरंगळत खाटंखाली. कुणाला हात लावू देईनात. सोताच पालथं पडून काढलं, डबीत घातलं, गळ्यात बांधलं. आता म्हणून राहिले, ह्या हातावर पूजा करणार न्हाई. अन् पूजा न्हाई तर जेवण न्हाई, पाणी न्हाई. गोळी बी न्हाई." नळीतल्या माश्यांचं मोजणं तोवर हुकलं होतं. अप्पांच्याच रोगाची लक्षणं यावीत म्हणून आठवडाभर कीटकनाशक पाजून तयार केलेली तुकडी होती ती. काही माश्या वर पोचल्या होत्या, काही तळाशीच पाय हलवत बसल्या होत्या, आणि कोण कधी पोचलं हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. "येते," ती म्हणाली. मग तिला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तिनं नळी जरा जोरातच जागेवर ठेवली.

रोगानं जागा कशी नेमकी शोधून काढली होती! चन्नबसप्पा तेलवाले, म्हणजे तिचे अप्पा, सत्तरी ओलांडलेले, लातूरच्या आडत बाजारामागं ज्यांच्या घाण्याचं करडईचं तेल दोन पिढ्या नाव राखून होतं, त्यांची सगळी भक्ती एका तळहातावर होती. आंघोळ झाली की गळ्यातली चांदीची डबी उघडायची, आतलं काळंभोर इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला पाणी, विभूती, बेलाचं पान, आणि मग हात छातीसमोर धरून त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. पाट चालत नाही, चौरंग चालत नाही, दुसऱ्याचा हात तर नाहीच नाही. ज्याचं लिंग त्याचा हात. पार्किन्सन्सचा कंप उजव्या हाताला आला असता तर चहा सांडला असता, सही वाकडी झाली असती, माणसानं दोन शिव्या घालून चालवून घेतलं असतं. तो आला डाव्याला. त्यात पूजा होईपर्यंत पाण्याचा घोट नाही हा नेम, म्हणून गोळी पूजेनंतर. आणि गोळी पूजेनंतर म्हणून हात सगळ्यात जास्त हलायचा तो पूजेच्याच वेळी, रात्रभरात औषधाचा शेवटचा कणही उतरून गेल्यावर. गोळी आधी घेतली तर हात थांबेल. हात थांबेल तर पूजा होईल. हे तिनं अप्पांना फोनवर सांगितलं होतं, समोर बसून सांगितलं होतं, डॉक्टरांकडून वदवून घेतलं होतं. मठातल्या स्वामींनीसुद्धा "औषधाला दोष नाही" म्हणून निर्वाळा दिला होता. अप्पा म्हणाले होते, "स्वामींचा नेम स्वामींपाशी, माझा माझ्यापाशी." झालं.

एसटीत तिला मागची जागा मिळाली. लोहा मागं पडलं तसं ऊन तापायला लागलं, खिडकीची काच आपल्या चौकटीत खडखडत राहिली, आणि पुढच्या बाकाच्या दांड्यावर ठेवलेला स्वतःचा हात थरथरताना बघून ती क्षणभर दचकली. मग तिच्या लक्षात आलं, दांडाच थरथरतोय, शेजारच्या बाईचा हातही थरथरतोय, कंडक्टरचाही. तरी तिनं हात काढून मांडीवर ठेवला आणि जरा वेळ त्याच्याकडं बघत राहिली. हे अलीकडं वारंवार व्हायचं. पेन हातात धरलं तरी ती टोकाकडं बघायची. इतकी वर्षं एकाच गोष्टीमागं लागल्यावर माणसाला ती सगळीकडं दिसणारच. गोष्ट तशी साधी. आपण श्वास घेतो, ऑक्सिजन रक्तातून पेशीत जातो, पेशीच्या आत त्याचं पाणी होतं आणि त्यातून जगायला लागणारी ताकद मिळते. पण सगळ्याच ऑक्सिजनचं पाणी होत नाही. थोडा वाटेतच अर्धवट राहतो, आणि अर्धवट राहिलेला ऑक्सिजन मोठा चिडखोर. समोर येईल त्याला डसतो, चरबी असो, प्रथिन असो, खुद्द गुणसूत्र असो. थोडा असला तर पेशी त्यालाही कामाला लावते, जास्त झाला तर आवरते, आणि आवरेनासा झाला की हळूहळू मरते. मेंदूच्या बुडाशी एक काळसर पट्टा असतो. शरीराची हालचाल सुरळीत ठेवणारं डोपामिन तिथल्या पेशी बनवतात, आणि ते बनवता बनवताच त्या स्वतःला जाळून घेत असतात. म्हणून त्या आधी जातात. कळायला लागतं तोवर अर्ध्याहून जास्त गेलेल्या असतात.

हे ती कुणालाही पाच मिनिटांत सांगू शकायची, आणि ऐकून झाल्यावर प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा. मग औषध काय? कॉलेजातल्या मुली विचारायच्या, रिक्षावाले विचारायचे, उदगीरची रत्नम्मा आत्या तर विचारायच्या आधीच आवळ्याच्या पावडरीचा डबा पुढं करायची. ऑक्सिजन डसतो ना, मग त्याला आवरणारं काहीतरी खा की! जगातल्या मोठमोठ्या लोकांना आधी असंच वाटलं होतं. त्यांनी हजारो रोग्यांना वर्षानुवर्षं तसल्या गोळ्या देऊन बघितल्या, आणि रोग आपल्या चालीनं पुढं जात राहिला. नळीत जमतं, माशीत जमतं, माणसात जमत नाही. हे वाक्य ती ज्या दिवशी मोठ्यानं बोलायची त्या दिवशी समोरच्याचा चेहरा पडायचा, जणू तिनंच मुद्दाम अडवून धरलंय. आणि खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटायचं. तासिका तत्त्वावरची नोकरी, उन्हाळा आला की बंद पडणारी वीज, वीज गेली की मरणाऱ्या माश्या, आणि एवढं करून हाती काय, तर 'असं असू शकेल'. तिचे मार्गदर्शक म्हणायचे, निष्कर्ष जरा ठसठशीत लिहा मॅडम, 'सिद्ध होते' म्हणा. ती 'सूचित होते' लिहायची. ते खोडून 'सिद्ध' करायचे, ती पुन्हा 'सूचित' करायची. अशानं प्रबंध कुठवर येणार! घरी संगमेश लोकांना हसत सांगायचा, "आमची अक्का नांदेडला माश्या मारून राहिली," आणि त्यात खोटं तरी काय होतं?

त्या संगमेशशी ती दिवाळीपासून नीट बोलत नव्हती. त्यानं तेलाच्या डब्यांवर नवं लेबल छापलं होतं. हिरवा रंग, करडईचं फूल, आणि खाली ठळक अक्षरांत, 'अँटिऑक्सिडंटयुक्त. मेंदू राहील तल्लख, हात राहील स्थिर.' तिनं डबा हातात घेतला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "हे कुणी सांगितलं तुला?" "तूच की. तेलात ई जीवनसत्त्व असतंय म्हणलीस." "असतं म्हणाले. त्यानं हात स्थिर राहतो कधी म्हणाले? घरात बापाचा हात हलतोय आणि तू डब्यावर हे छापतोस? लाज वाटत नाही?" तो हळूच म्हणाला, "पुण्याचे लोक वाचूनच घेतात अक्का. तेल तर खोटं न्हाई ना?" तेल खोटं नव्हतंच. त्या घरात तेल खोटं असणं शक्यच नव्हतं. लहानपणी तिनं बघितलं होतं, घाण्याचं पहिलं तेल निघालं की अप्पा बोट बुडवून जिभेवर थेंब ठेवायचे, डोळे मिटायचे, नाकानं लांब श्वास सोडायचे. किंचित जरी खवट वास आला तरी सगळं तेल बाजूला. खवटपणा म्हणजे काय हे तिला बीएस्सीला कळलं, तेव्हा ती हरखून गेली होती. तेलाला हवेतला ऑक्सिजन लागतो, दुसरं काही नाही. अप्पा जन्मभर नाकानं जे ओळखत आले तेच ती आता मेंदूत शोधत होती. ते नाक मात्र हात हलायला लागण्याच्या कितीतरी आधी गेलं. एका हंगामात खवट तेल दुकानात गेलं, गिऱ्हाइकांनी डबे परत आणले, बाजारात बोलणं झालं, आणि अप्पा नुसते डबा नाकाशी धरून उभे राहिले, पुन्हा पुन्हा वास घेत. म्हातारे झाले, सगळे म्हणाले. या रोगात वास आधी जातो, पेशी तिथून मरायला सुरुवात होत असावी, हे त्याच वर्षी मंजुषानं प्रबंधाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं. 'असावी' असं लिहिलं होतं.

चाकूर गेलं, लातूर आलं, ती घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. अप्पा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. दोन वेळच्या गोळ्या चुकल्या होत्या, त्यांचा चेहरा गोठल्यासारखा झाला होता आणि पापणीसुद्धा क्वचित हलत होती. हलत होता तो फक्त डावा हात. मांडीवर, एकसारखा, अंगठा आणि बोट गोळी वळत असल्यासारखे. ओठांना साल धरलं होतं. अव्वा, म्हणजे तिची आई पार्वतम्मा, पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसली होती, आणि तांब्या बघूनच कळत होतं की तो सकाळपासून भरलेलाच आहे. "बघ गं," अव्वा म्हणाली, "मला तर काई उमजना. स्वामींना फोन लावला. ते म्हणले, पाण्यानं धुवा, विभूती लावा अन् बसा पूजेला, पडलं तर पडलं. ह्यांच्या मनात भरना." मंजुषानं पिशवी खाली ठेवली. बसमध्ये तिनं ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं, समजावून सांगायचं. तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "अप्पा, हे काय चालवलंय तुमी? गोळी एकदम बंद केली तर काय होतं ठाऊक हाय का? अंग लाकडासारखं होईल. घास गिळता येणार न्हाई."

"होऊ दे," अप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की तिला वाकावं लागलं. "देवाला धरता येईना, घास धरून काय करू?"

"धरता येईल. गोळी आधी घ्या, धरता येईल. किती येळा सांगू?"

"पाणी पिऊन लिंग हातात घेऊ? माझ्या बापानं घेतलं न्हाई. ताप आला तरी घेतलं न्हाई."

"त्यांचा हात हलत नव्हता!"

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही, नजर तेवढी हलली. "तू एवढं शिकलीस," ते म्हणाले, "एवढ्या माश्या मारल्यास. तुला तरी थांबिवता आला का गं हात?" अव्वा "आवं" म्हणून उठली, पण जे लागायचं होतं ते लागलं होतं. मंजुषा न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि नुसती उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं, चीड येत होती. माशीवर, एसटीवर, संगमेशच्या लेबलावर, स्वामींवर, त्या एवढ्याशा काळ्या दगडावर, आणि सगळ्यात जास्त त्या ऑक्सिजनवर, जो याही क्षणी तिच्या छातीत भस्सकन शिरत होता. बाहेर आल्यावर तिनं अव्वाला विचारलं, रोज गोळी कशी घेतात, नीट सांग. "कशी म्हंजी? पूजा झाली की दुधाचा नैवेद्य, त्या पेलाभर दुधासंगंच. एक दिस चुकविली न्हाई मी," अव्वा अभिमानानं म्हणाली. मंजुषानं कपाळावर हात मारला. दुधातलं प्रथिन त्या गोळीची वाट अडवतं. म्हणजे आजवर गोळी पोचलीच होती अर्धीमुर्धी, हात तसाच हलत राहिला, डॉक्टर मात्रा वाढवत राहिले, आणि अव्वा रोज मनोभावे ती दुधात बुडवत राहिली. आणि ती स्वतः, नांदेडला माश्यांच्या खाण्यातली साखर मोजून घालणारी! तिला हसूच आलं, पण ते कडू होतं.

सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. आत देवघराच्या कोपऱ्यात अव्वा पाठमोरी बसून आपली पूजा करत होती. अप्पांना संगमेशनं आंघोळ घालून खाटेच्या कडेला बसवलं होतं. कपाळावर विभूती नव्हती. ते कपाळ तिनं जन्मात पहिल्यांदा मोकळं बघितलं, आणि ते कुणा परक्याचं वाटलं. संगमेश बाहेर गेला आणि थोड्या वेळानं हातात स्टीलची वाटी घेऊन आला. वाटीत नव्या करडईचं तेल होतं, घाण्यातून आताच निघालेलं, कोमट. तो अप्पांसमोर उकिडवा बसला. वाटी पुढं केली. अप्पांनी उजवं बोट सावकाश, फार सावकाश वाटीत नेलं, बुडवलं, जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. नाकानं लांब श्वास सोडला. "बरं हाय," ते म्हणाले. संगमेशनं मान हलवली आणि वाटी बाजूला ठेवली. ज्या नाकाला धूर कळत नव्हता, हिंग कळत नव्हता, त्या नाकापुढं हा पोरगा रोज सकाळी वाटी धरत होता. पारख तो स्वतः घाण्यावरच करून येत असणार, यात शंका नाही. तरी आणत होता. आणि ती त्याची लाज काढून गेली होती. मग एकदम, आधी काही विचार न येता, ती उठून उभी राहिली.

"अप्पा, हे तुमी तोंडात घातलंत."

"मग?"

"पूजेच्या आधी. काल पूजा झाली न्हाई, आज झाली न्हाई. उपास हाय म्हणता. अन् तेल तोंडात घातलंत."

अप्पांनी तेलाचं बोट धोतराला पुसलं. "हे काय खाणं हाय का? पारख हाय ही. लोकांच्या चुलीवर जायचं तेल. खवट हाय का गोडं, हे बघितल्याबिगर देवापुढं बसायचं कसं? बाप करायचा, आज्जा करायचा. पूजेआधीच करायची असती."

"थेंब थुकता का तुमी?"

"पारखीचा थेंब थुकत न्हाईत. पोटात गेल्यावर बी कळतंय काही."

"मग गोळीची पारख कधी केलीत?" ती त्यांच्यासमोर संगमेशच्या शेजारी बसली. तिचा आवाज चढला होता, तिला तो उतरवता येत नव्हता. "दुधात घालून गिळलीत नुसती. सरकीच्या पेंडीत करडई मिसळून वास घ्यावा तसं झालं ते. खरी गोळी हाय का खोटी, कुणाला ठाऊक? डॉक्टर म्हणतोय म्हणून? मी म्हणते म्हणून? रिकाम्या पोटी, एकदा, पारखून तर बघा. खोटी निघाली तर टाकून द्या. मी बी पुन्हा बोलणार न्हाई."

संगमेश तिच्याकडं बघत होता. अप्पांचा डावा हात मांडीवर गोळ्या वळत होता. आतून अव्वाची घंटी वाजली. "पारख लबाडीनं होत न्हाई, मंजे," अप्पा शेवटी म्हणाले.

"लबाडी न्हाई. मी बी जन्मभर हेच करून राहिले अप्पा. देऊन बघायचं अन् वाट बघायची. दुसरं काही येत न्हाई मला."

त्यांनी तोंड उघडलं नाही, पण हनुवटी जराशी वर केली. तेल पारखताना ते तशीच करत. तिनं गोळी चमच्यात चुरडली, पूजेच्या पळीतलं चार थेंब पाणी तिच्यावर घातलं आणि ते चाटण त्यांच्या जिभेवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. नाकानं लांब श्वास सोडला. "कडू हाय," ते म्हणाले, आणि संगमेश हसायला गेला पण त्याला हसता आलं नाही.

मग वाट बघणं. हे तिला चांगलं येत होतं, तिचा धंदाच तो, तरी आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. माशी वर चढली नाही तर दुसरी माशी असते. इथं दुसरी नळी नव्हती. नाही थांबला तर? रिकाम्या पोटीही नाही थांबला, रोगच त्याच्या पुढं गेला असला, तर अप्पा बरोबर ठरतील आणि मग कुणाच्याच बापाच्यानं त्यांना पुन्हा गोळी देणं होणार नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती, फरशीकडं बघत होती, सगळीकडं बघत होती, फक्त त्या हाताकडं बघत नव्हती. संगमेशनंच तिला कोपरानं ढोसलं. अंगठा थांबला होता. बोट अजून हलत होतं, पण थकून गेल्यासारखं. मग तेही थांबलं. अप्पांचा चेहरा हळूहळू माणसात आला, पापण्या मिटल्या, उघडल्या. आपला डावा हात त्यांनी मांडीवरून उचलला आणि डोळ्यांसमोर धरला. उलटा केला. सुलटा केला. कुणी घरातली हरवलेली वस्तू आणून दिल्यावर तीच का, ते बघावं, तसं ते बघत होते. "बसायला पाट मांड," ते म्हणाले.

पूजा कशी झाली ते तिनं सगळं बघितलं नाही, दोनदा डोळे भरून आले. लिंग तळहातावर होतं, बेलाचं पान त्याच्यावर होतं, आणि पान हलत नव्हतं. अव्वा आपली पूजा आटोपून पाठीशी येऊन उभी राहिली होती, पदर तोंडात धरून. सगळं झाल्यावर अप्पांनी लिंग डबीत ठेवलं, पण डबी लगेच गळ्यात बांधली नाही. तिच्याकडं वळून ते म्हणाले, "मंजे, एक विचारू? गोळीनं थांबिवला हे दिसलं मला. पण मग हलवीत कोण होतं?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी औषध काय हे न विचारता दुसरं काही विचारलं होतं. तिला त्याचं उत्तर येत होतं, सगळं येत होतं, पानंच्या पानं. आणि आता ते दोन ओळींत कसं सांगावं ते कळेना. "हवा," ती म्हणाली. "श्वासात जी हवा जाती ना अप्पा, ती आत नीट जळाली न्हाई की डसती. तेल खवट करती तीच. डोक्यात बी तेलासारखंच असतंय, ते खवट होतंय. तुमचं पहिल्यांदा नाकाकडचं झालं, मग हाताचं."

अप्पांनी हातातल्या डबीकडं बघितलं. "म्हंजी श्वास घेतला म्हणून?"

"हाव."

"मग काय न्हाई घ्यावा का?" ते म्हणाले, आणि त्या गोठलेल्या तोंडाची एक बाजू वर गेली. हसले ते. अव्वा मागून "शिवशिवा" म्हणाली. अप्पांनी डबीचा दोरा घेतला आणि मानेमागं स्वतःच्या दोन हातांनी गाठ मारायला लागले. ती गाठ गेलं वर्षभर अव्वा मारत होती. गाठ बसली. हात खाली घेऊन त्यांनी पुन्हा एकदा डावा तळहात बघितला, आणि अगदी सहज, पोरानं विचारावं तसं विचारलं, "आता असाच राहील ना?"

तिला ठाऊक होतं. गोळी फक्त डोपामिनची उणीव भरते, मरणाऱ्या पेशींना हातही लावत नाही. त्या तशाच मरत राहणार, याही क्षणी मरत होत्या. आज जो हात दुपारपर्यंत थांबेल तो काही वर्षांनी तासभर थांबेल, मग तेवढाही नाही, मग गोळीमुळंच अंगाची वेगळी वळवळ सुरू होईल. यातलं एकेक वाक्य तिनं संदर्भांसकट लिहिलं होतं. 'सिद्ध' खोडून 'सूचित' करणारी ती बाई, तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "राहील अप्पा. असाच राहील." त्यांनी मान हलवली आणि दुधाचा पेला मागितला. "जरा थांबा," ती म्हणाली, "दूध नंतर," आणि उठून बाहेर गेली.

संगमेश ओट्यावर तेलाची वाटी घेऊन बसला होता. दार उघडं होतं, त्यानं सगळं ऐकलं होतं. कोपऱ्यात हिरव्या लेबलांचे डबे रचलेले होते. "अक्का," तो म्हणाला, तिच्याकडं न बघता, "डब्यावर मी 'हात राहील स्थिर' एवढंच तर लिव्हतो." तिला राग यायला हवा होता. ती त्याच्या शेजारी बसली. वाटीत बोट बुडवलं, थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले.

"खवट लागतंय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून न्हाई."